तारानाकी: डोंगराचे परत आलेले नाव आणि पायथ्याच्या वायूचा हिशेब

30 जानेवारी 2025 रोजी न्यूझीलंडच्या संसदेने 123 विरुद्ध 0 मतांनी एक कायदा मंजूर केला. उत्तर बेटाच्या पश्चिम टोकाला 2518 मीटर उंचीचा एक ज्वालामुखी आहे. त्याचे ‘माउंट एग्मॉन्ट’ हे नाव या कायद्याने सरकारी दप्तरातून काढले आणि ‘तारानाकी माउंगा’ एवढे एकच नाव ठेवले. माउंगा म्हणजे डोंगर. भोवतालच्या एग्मॉन्ट राष्ट्रीय उद्यानाचे नाव ‘ते पापा-कुरा-ओ-तारानाकी’ झाले आणि डोंगररांगेला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. जगभरच्या बातम्यांत ‘डोंगराला माणसाचे हक्क’ एवढाच मथळा गाजला.

त्याच वर्षी जुलैअखेरीस त्याच संसदेने, या वेळी मात्र फक्त सत्ताधाऱ्यांच्या बळावर, समुद्रातल्या नव्या तेल-वायू शोधावरची 2018 ची बंदी उठवली. ऑक्टोबरात सरकारने गुराढोरांच्या मिथेनकपातीचे उद्दिष्ट खाली आणल्याचे जाहीर केले. देशातला तेल-वायूचा उद्योग जवळजवळ सगळा तारानाकी प्रांतात आहे, आणि डोंगराच्या चारही बाजूंना दुभत्या गाईंची कुरणे आहेत. त्यामुळे जागांची नावे आणि उत्सर्जन हे दोन विषय खात्यांच्या फायलींत वेगळे दिसले, तरी तारानाकीत दोन्हींचा सातबारा एकच आहे. एका विषयात निर्णयाला दीडशे वर्षे लागली, पण तो सर्वांनी मिळून घेतला. दुसऱ्यात दर काही वर्षांनी निर्णय झाले आणि बहुतेक पुढच्या सरकारने फिरवले. असे का झाले हे कळायला थोडे मागे जावे लागते.

नाव कुणाचे, जमीन कुणाची

जानेवारी 1770 मध्ये जेम्स कुकने जहाजावरून हा डोंगर पाहिला आणि ब्रिटिश नौदलाचा माजी प्रमुख, एग्मॉन्टचा दुसरा अर्ल जॉन पर्सिव्हल, याचे नाव त्याला दिले. कुक 1771 मध्ये मायदेशी पोचला तेव्हा हा अर्ल वारलेला होता. आपल्या नावाचा डोंगर आहे हे त्याला कळलेच नाही. 1772 मध्ये फ्रेंच खलाशी मारिओं द्यु फ्रेन तिथून गेला. कुकची त्याला खबर नव्हती, म्हणून त्याने आपल्या जहाजावरून ‘मास्कारां शिखर’ असे नाव ठेवले. पायथ्याशी राहणाऱ्या आठ इवींना, म्हणजे माओरी जमातींना, दोघांनीही विचारले नव्हते. त्यांच्यासाठी तारानाकी हा पूर्वज आहे.

नाव नकाशावर बसले, तेव्हा जमीन अजून माओरींचीच होती. ती गेली 1860 नंतर. वाइतारा नदीकाठचा एक तुकडा एका धाकट्या सरदाराने विकायला काढला. ज्येष्ठ सरदार विरेमु किंगी ते रांगिताके यांनी नकार दिला, तरी सरकारने मोजणीदार पाठवले आणि लढाई पेटली. 1863 च्या ‘न्यूझीलंड सेटलमेंट्स ॲक्ट’ने ‘बंडखोरां’ची जमीन जप्त करण्याची सोय केली. 1865 मध्ये तारानाकीत सुमारे 12 लाख एकर जमीन जप्त झाली आणि तिच्यात हा डोंगरही गेला. जप्तीची रेघ नकाशावर सरळ ओढली होती, त्यामुळे जे लढाईत उतरलेच नव्हते त्यांच्याही जमिनी तिच्यात आल्या.

पुढची पायरी पारिहाकाची. ते फिती ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही या दोघांनी या गावातून जप्तीला निःशस्त्र विरोध चालवला. सरकारी मोजणीच्या खुंट्या उपटायच्या, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कुरणात नांगर घालायचा आणि अटक झाली की पुढच्या तुकडीने नांगर धरायचा. 5 नोव्हेंबर 1881 रोजी सुमारे 1600 सैनिक व स्वयंसेवक गावात शिरले, तेव्हा वेशीवर गाणारी मुले बसली होती. गाव मोडले, पुढाऱ्यांना खटल्याशिवाय डांबले. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले सत्याग्रह याच्या पंचवीस वर्षांनंतरचे आहेत.

त्याच वर्षी शिखरापासून सहा मैल, म्हणजे साडेनऊ किलोमीटरहून थोड्या जास्त, त्रिज्येचे वर्तुळ आखून आतले रान राखीव ठेवण्यात आले. 1900 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. उपग्रहचित्रात हे वर्तुळ आजही कंपासने काढल्यासारखे दिसते: आत काळपट हिरवे जंगल, आणि रेघेच्या बाहेर लगेच फिकट पोपटी कुरण. रेघेबाहेरचे जंगल तोडून दूधधंदा उभा राहिला. मिथेनच्या आजच्या वादाची जमीन तिथेच तयार झाली.

भरपाईचा इतिहास लाजिरवाणा आहे. 1920 च्या दशकातल्या सिम आयोगाने जप्ती अन्यायाची होती असे म्हटले आणि तारानाकीसाठी वर्षाला 5000 पौंड सुचवले. जमीन परत देण्याची गोष्ट निघाली नाही. 1978 मध्ये ‘माउंट एग्मॉन्ट व्हेस्टिंग ॲक्ट’ने डोंगर माओरी विश्वस्त मंडळाच्या नावे केला आणि त्याच व्यवहारात मंडळाने तो राष्ट्राला ‘भेट’ दिला. या भेटीला लोकांची संमती होती का, यावर वाइतांगी न्यायाधिकरणाने 1996 च्या तारानाकी अहवालात प्रश्नचिन्ह लावले. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात 1840 मध्ये झालेल्या वाइतांगी तहाच्या भंगाच्या तक्रारी ऐकणारे हे न्यायाधिकरण 1975 चे, पण 1840 पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्याला 1985 मध्ये मिळाला. तोवर जप्तीचा दावा त्याच्यापुढे येऊच शकत नव्हता.

नाव बदलते कसे

नावांचे काम न्यूझीलंड भौगोलिक मंडळाकडे आहे. 1924 च्या मानद मंडळाची जागा 1946 मध्ये वैधानिक मंडळाने घेतली. सध्याचा कायदा 2008 चा. मंडळाचा अध्यक्ष देशाचा महासर्वेक्षक असतो. सदस्यांत माओरी विकास मंत्र्यांच्या शिफारशीने आलेले दोघे आणि दक्षिण बेटातल्या नाई ताहू जमातीचा एक प्रतिनिधी असतो. गिर्यारोहण क्लबांच्या महासंघाचाही एक जण असतो, आणि ते योग्यच आहे, कारण खिंडी-शिखरांची नावे रोज वापरणारे तेच.

प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. त्यात नेमकी जागा, नाव का बदलायचे, जुने नकाशे किंवा कागदपत्रांचा आधार आणि स्थानिक इवीशी झालेले बोलणे द्यावे लागते. माओरी शब्दाच्या लेखनासाठी मंडळ माओरी भाषा आयोगाचा सल्ला घेते. मग जाहीर सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी किमान एक महिना मिळतो. हरकत आली नाही, किंवा मंडळाला ती पटली, तर मंडळच निर्णय घेते. हरकत आली आणि मंडळ आपल्या मतावर ठाम असेल, तर फाइल मंत्र्याकडे जाते. गाडे अडते ते बहुधा इथेच. निर्णय राजपत्रात आला की सरकारी कागदांत तेच नाव वापरणे बंधनकारक होते. मंडळ रस्त्यांना नावे देत नाही. ते काम स्थानिक परिषदांचे. देशाचे नाव बदलणे तर त्याच्या हातातच नाही, त्याला संसदेचा कायदा लागेल.

निकालाचे प्रकारही समजून घ्यायला हवेत, कारण वृत्तपत्रे ते सर्रास एकत्र करतात. ‘पर्यायी’ नावांत दोहोंपैकी कोणतेही एक चालते. ‘जोडनावा’त मध्ये तिरकी रेघ असते आणि सरकारी वापरात दोन्ही लिहावीच लागतात. आओराकी / माउंट कुक हे नाई ताहूच्या तहभंगाच्या तक्रारी मिटवणाऱ्या 1998 च्या समझोत्यातले जोडनाव. 2019 मध्ये तुरांगानुई-आ-किवा / पॉव्हर्टी बे हेही जोडनाव झाले. रसद मिळाली नाही म्हणून रागावून कुकने त्या सुपीक उपसागराला ‘दारिद्र्याचा उपसागर’ म्हटले होते. जोडनावाची अडचण व्यवहारात दिसते: फलक लांब होतात आणि लोक एक अर्धे सोडून देतात. कोणते अर्धे गळते, हे सवय ठरवते. तारानाकीत 1986 मध्ये मंत्री कोरो वेतेरे यांनी पर्यायी नावांचा तोडगा काढला, ‘माउंट तारानाकी किंवा माउंट एग्मॉन्ट’. त्या वेळी स्थानिक गोऱ्या रहिवाशांचा विरोध मोठा होता. पण दोन्ही नावे अधिकृत राहिल्याने कोणालाच जबरदस्ती झाली नाही आणि पुढच्या पिढीने आपसूक ‘तारानाकी’ उचलले. 2025 मध्ये एकही मत विरोधात पडले नाही, त्याचे निम्मे श्रेय मला या अर्धवट वाटणाऱ्या तोडग्याचे वाटते.

शेजारच्या फांगानुई शहरात नावातल्या एका ‘एच’वरून (Wanganui की Whanganui) याच्या उलट घडले. 2009 मध्ये मंडळाने तो ‘एच’ घालण्याची शिफारस केली, शहरातल्या मतदानात बहुमत विरुद्ध गेले आणि मंत्र्यांनी दोन्ही वर्णलेखने चालतील असे ठरवले. शेवटी 2015 मध्ये जिल्हा परिषदेनेच मागणी केल्यावर जिल्ह्याचे नाव बदलले.

एक गमतीची गोष्ट. उत्तर बेट आणि दक्षिण बेट ही नावे कित्येक वर्षे नकाशांवर होती, पण अधिकृत कधीच झाली नव्हती. हे लक्षात आल्यावर 2013 मध्ये ती राजपत्रित झाली, सोबत ते इका-आ-माउई आणि ते वाइपोउनामु ही पर्यायी नावे घेऊन. सर्वेक्षकांच्या नकाशांवर ‘नोंदलेली’ पण अधिकृत न झालेली अशी हजारो नावे होती. 2019 मध्ये त्यांपैकी सुमारे 800 माओरी नावे एकाच फटक्यात अधिकृत झाली. त्यांतल्या अनेकांना दीर्घ स्वराची आडवी रेघ मिळाली. जुन्या संगणकप्रणालींना ही रेघ पचत नाही. अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते, किंवा रेघेशिवाय शोधले तर नोंद सापडत नाही. म्हणून नाव बदलताना रेघेसह आणि रेघेविना अशा दोन्ही रूपांनी शोध लागेल याची सोय आधी करावी लागते.

जमिनीखालचे

1865 मध्ये वर जप्ती चालू होती आणि त्याच सुमारास न्यू प्लिमथच्या मोतुरोआ किनाऱ्यावर ‘अल्फा’ ही तेलविहीर खोदायला घेतली गेली. ती जगातल्या अगदी सुरुवातीच्या विहिरींपैकी. 1937 च्या पेट्रोलियम कायद्याने देशातले सगळे भूगर्भातले तेल व वायू सरकारजमा झाले. माओरी खासदार आपिराना नाता यांनी संसदेत माओरींच्या हिश्श्याचा प्रश्न मांडला. सरकारने तो मान्य केला नाही. न्यायाधिकरणाने 2003 च्या पेट्रोलियम अहवालात माओरींचा यात तहाने मिळालेला हितसंबंध आहे असा निष्कर्ष काढला, आणि तेव्हाच्या सरकारनेही हात झटकले. वरची जमीन जप्तीने गेली, खालचे तेल कायद्याने. म्हणून 2025 मध्ये डोंगराला व्यक्तीचा दर्जा आणि त्याचे नाव मिळाले, तरी इवींचा वायूच्या स्वामित्वधनाचा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

मोठा वायू सापडला तो 1959 मध्ये कापुनीला. या वायूत चाळीस टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड असतो. तो आधी वेगळा काढावा लागतो, म्हणजे इंधन जळण्याआधीच उत्सर्जनाचा हिशेब सुरू होतो. 1969 मध्ये किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रात माउई हे त्याहून खूप मोठे क्षेत्र सापडले. कंपन्यांनी मूळ पुरुषाचे, माउईचे, माओरी नाव क्षेत्राला बिनदिक्कत दिले. समोरचा डोंगर तेव्हा अधिकृतपणे एग्मॉन्टच होता. तेलसंकटानंतर सरकारने मोतुनुईला वायूपासून पेट्रोल बनवण्याचा कारखाना उभारला. आधी वायूपासून मिथेनॉल, मग झिओलाइट उत्प्रेरकावरून पेट्रोल. व्यापारी प्रमाणावरचा तो जगातला पहिला प्रयोग होता आणि ऐन भरात देशाच्या पेट्रोलपैकी सुमारे एक तृतीयांश तिथून येई. पण दोन टप्प्यांत वायूतली बरीच ऊर्जा वाया जाते. खनिज तेल स्वस्त झाल्यावर हे गणित बसेना आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस पेट्रोल थांबले, मिथेनॉल चालू राहिले.

याच कारखान्याच्या सांडपाण्यावरून ते आतिआवा जमातीने आइला टेलर यांच्या पुढाकाराने न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. नियोजित नळ थेट त्या खडकांवर सुटणार होता, जिथे लोक किना व पाउआ हे खाण्याचे समुद्री जीव आणि शेवंड वेचत. वाइतारा शहराचे मैलापाणी व कत्तलखान्याचे पाणी त्या किनाऱ्यावर आधीच जात होते. 1983 च्या अहवालाने नळाला नकार दिला. पंतप्रधान मल्डून यांनी तो आधी फेटाळला, मग बोभाटा झाल्यावर माघार घेतली. पर्यावरणाचा प्रश्न तहाच्या चौकटीत जिंकता येतो, हे या निकालाने दाखवले.

टनाचा भाव

क्योटो करार न्यूझीलंडने डिसेंबर 2002 मध्ये मान्य केला. 2003 मध्ये मिथेनसंशोधनासाठी गुरांवर छोटा कर सुचवला गेला. लोकांनी त्याला ‘पादकर’ म्हणून झोडपले. खरे तर गाईचे मिथेन बहुतांशी ढेकरेतून निघते. तारानाकी-किंग कंट्रीचे खासदार शेन आर्डर्न यांनी ‘मर्टल’ नावाचा जुना ट्रॅक्टर संसदेच्या पायऱ्यांवर चढवला आणि कर बारगळला. 2005 मध्ये सर्वसाधारण कार्बनकराचीही तीच गत झाली.

2008 मध्ये उत्सर्जन-व्यापार योजना आली. एक युनिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा त्याच्या तोडीचा दुसरा वायू. उत्सर्जनाइतकी युनिटे सरकारकडे भरायची ती पेट्रोल आयात करणाऱ्या, कोळसा किंवा वायू काढणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी. भुर्दंड साखळीतून ग्राहकापर्यंत उतरतो. टनाला 60 न्यूझीलंड डॉलर भाव असेल तर लिटरभर पेट्रोलमागे साधारण 14 सेंट. नवे जंगल लावणाऱ्याला युनिटे मिळतात.

योजना बिघडली तीन जागी. पहिली, परदेशी युनिटांवर मर्यादा नव्हती. युक्रेन-रशियाकडची कवडीमोल युनिटे आली आणि 2013 मध्ये भाव 2 डॉलरच्याही खाली गेला. जून 2015 पासून ती बंद झाली. दुसरी, मिथेनॉल-युरियासारख्या निर्यातस्पर्धेतल्या उद्योगांना 90 किंवा 60 टक्के युनिटे फुकट मिळाली. ही सूट उत्पादनाला बांधलेली आहे: जास्त माल काढा, जास्त युनिटे घ्या. 2021 पासून ती वर्षाला जेमतेम एक टक्क्याने घटू लागली. तिसरी, पाइनच्या लागवडीला मर्यादा नसल्याने धूर कमी करण्यापेक्षा झाडे लावणे स्वस्त पडते. 2022 च्या अखेरीस भाव 88 डॉलरच्या आसपास गेला होता. मंत्रिमंडळाने हवामान आयोगाचा भाववाढीचा सल्ला नाकारताच तो कोसळला आणि 2023 चे सरकारी युनिटांचे चारही लिलाव फसले.

इवींचा संबंध इथेही येतो. तहाच्या समझोत्यांत अनेक जमातींनी 1990 पूर्वीची पाइनची वने घेतली होती. योजनेने ती तोडून कुरण करणाऱ्यावर युनिटे भरण्याचे दायित्व टाकले आणि त्या जमिनींची किंमत एका रात्रीत घटली. समझोता करताना सरकारने हे सांगितले नाही, अशी नाई ताहूची तक्रार होती. 2009 मध्ये योजनेतल्या बदलांना माओरी पक्षाने दिलेल्या पाठिंब्याच्या बदल्यात पाच इवींना सुमारे 35,000 हेक्टर सरकारी संवर्धन जमिनीवर झाडे लावून कार्बन कमावण्याचा हक्क मिळाला. 2022 मध्ये परदेशी झाडांची कायमस्वरूपी वने योजनेतून वगळायचे ठरत होते, तेव्हा दुर्गम, चढणीच्या जमिनी वाट्याला आलेल्या माओरी मालकांनीच विरोध केला. त्यांना दुसरे पीकच शक्य नाही.

2019 च्या ‘झीरो कार्बन’ कायद्याने 2050 पर्यंत निव्वळ शून्याचे उद्दिष्ट घातले, मात्र जैविक मिथेन वेगळे ठेवले: 2017 च्या तुलनेत 2030 पर्यंत 10 टक्के आणि 2050 पर्यंत 24 ते 47 टक्के घट. शेती देशाच्या एकूण उत्सर्जनापैकी जवळपास निम्मे देते, त्यामुळे खरा पेच तिथे आहे. गाय खाते त्या प्रत्येक किलो सुक्या चाऱ्यामागे सुमारे 21 ग्रॅम मिथेन निघते. युरोपात गोठ्यात खाद्यात मिसळून देतात ते औषध इथे तितके लागू पडत नाही, कारण गाई दिवसभर मोकळ्यावर चरतात आणि औषधाचा असर काही तासांचा. म्हणून पोटात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि कमी मिथेनच्या वाणांची निवड यांवर भर आहे. शेतीच्या उत्सर्जनाला भाव लावण्यासाठी 2019 मध्ये सरकार, शेतकरी संघटना व माओरी यांची भागीदारी झाली. ती 2024 मध्ये मोडली. ऑक्टोबर 2025 मध्ये 2050 चे मिथेनचे उद्दिष्ट 14 ते 24 टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली.

2018 च्या बंदीबद्दलही गैरसमज आहेत. तिने चालू परवाने आणि तारानाकीतला जमिनीवरचा शोध यांना हात लावला नव्हता. बंद झाले ते समुद्रातले आणि तारानाकीबाहेरच्या जमिनीवरचे नवे परवाने. वायूचा पुरवठा घसरला तो मुख्यतः जुनी क्षेत्रे रिती होत गेल्याने. ऑगस्ट 2024 मध्ये पाऊस कमी होऊन जलविद्युत अडखळली आणि विजेचा घाऊक भाव भडकला, तेव्हा मोतुनुईच्या मिथेनॉल कारखान्याने काम थांबवून आपला वायू वीज कंपन्यांना विकला. बंदी उठवताना सरकारने नव्या वायूक्षेत्रांत भागीदारीसाठी 20 कोटी डॉलरही बाजूला ठेवले. क्षेत्र सापडले तरी पहिला वायू हाती यायला बरीच वर्षे लागतात. तोवर 2026 ते 2030 चा उत्सर्जन-अर्थसंकल्प, 30.5 कोटी टन, संपलेला असेल आणि पुढच्या पाच वर्षांसाठी 24 कोटी टनांची मर्यादा सुरू झालेली असेल.